भारतमातेचा चेहरा

"आया वाले फोटो में आप बिलकुल नैचुरल लगती हैं. भारतमाता हटा देते हैं. वो चेहरा थोड़ा अलग होता है ना."

मॅडम हसून बोलल्या. सिविल लाइन्समधला बंगला त्यांचा, प्रदर्शनही त्यांचंच. पाहुणे यायला थोडाच वेळ होता. भिंतीवर माझे तीन फोटो. तिन्हींत मीच. एकात टोपीवाली गोरी मेम, चेहऱ्याला पावडर थापलेली. एकात तिची आया, कडेवर कापडाचं बाळ. तिसऱ्यात भारतमाता.

मी म्हणाले, "जी."

एवढंच. आणि माझ्याच हातांनी भारतमाता उतरवली. मागच्या खोलीत पाण्याच्या कॅनमागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

तो फोटो आम्ही आमच्या मोहल्ल्यात, कांचघरला, घराच्या गच्चीवर काढला होता. पांढरी साडी आईची. मुकुट तिनं मिठाईच्या डब्याच्या पुठ्ठ्यातून कापला. मी टायमर लावून पळत जाऊन उभी राहायची. ती थर्माकोल धरून माझ्या तोंडावर उजेड पाडायची.

"अशी सावळी राहाते का वं भारतमाता?" तिनं हसत विचारलं होतं.

"अशीच राहाते," मी म्हणाले होते. मोठ्या तोऱ्यात.

आया म्हटलेलं मला लागलं. मग वाटलं, काहून लागलं? आईची आई अशाच एका बंगल्यात गोऱ्या साहेबाची लेकरं सांभाळायची. गोरे गेले, देशी साहेब आले. आजीचा कप वेगळा होता, तो वेगळाच राहिला. तिच्यासारखी दिसते म्हटलं तर मला अपमान वाटला. म्हणजे मलाही तिची लाजच वाटत होती. फोटोत ती चालली. चेहऱ्यात नको होती.

तेवढ्यात आई आली. इस्त्रीची साडी, केसांत मोगरा. सगळ्या भिंती पाहून माझ्याजवळ आली.

"माझावाला, मुकुटाचा फोटो काहून नाही दिसून राहिला?"

"जागा कमी पडली, आई."

तिनं भिंतीकडे पाहिलं. रिकामा खिळा तसाच होता.

"आयाले जागा पुरली," ती म्हणाली.

चिडली नाही. कोपऱ्यात जाऊन अंग चोरून उभी राहिली. कुणाला धक्का लागू नये म्हणून. ते मला बघवेना.

मी मागच्या खोलीतून भारतमाता आणली. हॉल भरला होता. मॅडम आडव्या आल्या.

"अभी नहीं. गेस्ट आ गए हैं."

"ये लगेगी. नहीं तो तीनों उतरेंगी."

"आप तमाशा कर रही हैं."

मी मेम उतरवली. आया उतरवली. सगळे बघत होते. आईनं पुढे होऊन आया घेतली, छातीशी धरली. आम्ही फाटकाबाहेर पडलो.

ऑटोत मी म्हणाले, "जागा होती, आई. मीच उतरवला."

घमापुरचा चौक मागे पडल्यावर ती म्हणाली, "समजलं होतं मले."

बाकी काही नाही. मी माफी मागितली नाही. माफीनं ते पुसलं जाणार नव्हतं. आजही जात नाही.

पण माझ्या तोंडाला काय शोभतं, ते आता कुणी ठरवायचं नाही. मेम, आया, भारतमाता, तिघी एका रांगेत लागतील. नाहीतर भिंत त्यांची, त्यांनाच लखलाभ.