सायंप्रार्थनेतला सत्कार

नांदगावला गाडी पाऊण तास उशिरा आली आणि मनमाडला उगाच वीस मिनिटं उभी राहिली. लासलगावनंतर जरा पळाली, तर नाशिकरोड दहा मिनिटांवर असताना ओढा स्टेशनात सिग्नलसाठी पुन्हा थांबली. समोरचे गृहस्थ आरामात शेंगा सोलत होते. "काय घाई हाय एवढी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मुलीचं गाणं आहे साडेपाचला." त्यांनी टरफलं खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाले, "मंग पोचाल की. कुठलं गाणं येळेवर सुरू होतंय?" हे साडेपाचच्या ठोक्याला सुरू होतं, हे त्यांना समजावून सांगण्याची माझ्यात ताकद नव्हती.

खरं सांगायचं तर मी गाणं ऐकायला निघालोच नव्हतो. मी निघालो होतो मुलीला परत आणायला. आमची वैशाली नाशिकच्या एका मिशनच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा नेमणूक होते की नाही याची वाट बघायची. नांदगावच्या शाळेत कायमची जागा निघाली होती. संस्थेचे सचिव माझ्या ओळखीचे, मी शब्द टाकला होता आणि अर्जाची मुदत सोमवारपर्यंत होती. वैशालीचं घोडं अडलं होतं ते कॉलेजच्या चॅपलमधल्या गायकवृंदापाशी. रोज संध्याकाळी तालीम असते, नांदगावहून जमणार नाही. "बाबा, एकदा आमची सायंप्रार्थना ऐका," ती फोनवर म्हणाली होती. "त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं करीन." ही पोरगी शब्दाची पक्की आहे, त्यामुळे मी निश्चिंत होतो. ऐकायचं, मान डोलवायची आणि अर्जावर सही घ्यायची.

स्टेशनवर आमचे साडू प्रभाकरराव गाडी घेऊन आले होते. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, पण त्यांचा खरा उद्योग सत्कार करणं हा. कोणी निवृत्त झालं, कोणाचा मुलगा दहावी पास झाला, की हे शाल-नारळ घेऊन हजर. मागच्या सीटवर पिशवी दिसली, तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती.

"हे काय?"

"आपल्या घरची मुलगी एवढ्या मोठ्या ठिकाणी गाते, अन् आपण हात हलवत जायचं का?"

"अहो, ती प्रार्थना आहे. कार्यक्रम नाही."

"तुम्ही काळजीच सोडा," असं म्हणून त्यांनी गाडी मिसळीच्या हॉटेलापाशी वळवली. मला आम्लपित्त आहे, उशीर झालाय, दुपारी घरून जेवून निघालोय, सगळं सांगून झालं. उत्तर एकच, "नाशिकला येऊन मिसळ न खाता जायचं?" मिसळ झणझणीत होती, वर तर्री मागितली नसताना आली. पापड, दही, मठ्ठा असा सगळा थाट. मी चार घास खाल्ले आणि पुढचे दोन तास ते फेडले.

चॅपल (कॉलेजच्या आवारातलं छोटं प्रार्थनामंदिर) दगडी, बुटकं, आतून थंडगार. दारात पांढऱ्या साडीतल्या एका वयस्कर बाईंनी हातात कागद दिला. "बसा दादा. आम्ही उभे राहिलो की उभं राहायचं. अन् एक विनंती, टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"शेवटी?"

"शेवटीही नाही."

प्रभाकररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना कोणी जेवायला बोलावून पान वाढायला विसरलं होतं.

मग सोळा जण पांढरे पायघोळ झगे घालून रांगेने आले. एकाच्या झग्याखाली हिरवे स्पोर्ट शूज दिसत होते. आमच्याकडे तोंड करून उभे राहतील म्हणून मी सरसावून बसलो, तर त्यांचे दोन भाग झाले आणि ते एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले, आम्ही बाजूलाच! आपल्याकडे गाणारा श्रोत्यांकडे बघतो, श्रोते मान डोलवतात, दाद देतात. इथे आमचा कोणाला पत्ताच नव्हता. वैशाली दुसऱ्या रांगेत होती. तीन तासांचा प्रवास करून मला माझ्या मुलीचा एक कान आणि झग्याची बाही दिसली.

गाणं सुरू झालं. पेटी नाही, तबला नाही. त्यांचे गायकवाड सर, डोक्यावर विरळ केस असलेले बारीकसे गृहस्थ, यांनी एका छोट्या कीबोर्डवर एक सूर दिला आणि हात उचलला. स्तोत्राची एक ओळ या बाजूने, दुसरी ओळ त्या बाजूने, असं बराच वेळ चाललं. काही इंग्रजीत, काही मराठीत. वाईट होतं असं म्हणणार नाही. पण मी वैशालीचा आवाज शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. कान टवकारले, डोळे मिटले, कागद कानामागे धरला. वरचा आवाज दुसऱ्याच मुलींचा होता. तालमी हिच्या, रोजची संध्याकाळ हिची, आणि चाल गाणार दुसरे! मग आठवलं, तिनेच फोनवर सांगितलं होतं की तिचा आवाज आल्टो (बायकांमधला खालचा आवाज), आणि एकाचा आवाज वेगळा ऐकू येऊ नये यासाठीच त्या रोजच्या तालमी. म्हणजे ऐकू न येण्यासाठी मेहनत. आणि त्यासाठी कायमची नोकरी सोडायची. माझा संताप मिसळीबरोबर वर येत होता. उठा, बसा, पुन्हा उठा. गुडघे बोलायला लागले. एका शांत क्षणी मला ढेकर आली, ती अख्ख्या चॅपलने ऐकली. माझ्या मुलीपेक्षा मीच जास्त ऐकू आलो.

मग वाचन झालं आणि सगळे स्तब्ध उभे राहिले. त्यांच्याकडे अशी शांतता मधूनमधून पाळतात. प्रभाकरराव माझ्या कानाशी आले. "संपलं वाटतं. करू का सत्कार?"

संपलं नव्हतं. माझ्या हातातल्या कागदावर अजून एक गीत बाकी होतं. पण मी इतका वैतागलो होतो की म्हणालो, "करा काय करायचं ते."

हे चार शब्द मी कधीच विसरणार नाही. प्रभाकरराव पिशवी घेऊन मधल्या वाटेने निघाले. चपलांचा फटफट आवाज. गायकवाड सरांची पाठ होती, त्यांनी हात उचलला आणि गाणं सुरू झालं. तोवर हे दुसऱ्या रांगेत पोचले होते. त्यांनी वैशालीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सवयीने फोटोसाठी वळले. वैशालीच्या हातातली वही खाली पडली. तिचं तोंड उघडंच राहिलं, पण ती गात नव्हती.

आणि मला ते ऐकू आलं.

चाल चालूच होती, वरच्या मुली गात होत्या, पुरुषांचा खर्जही होता. पण मधून काहीतरी निघून गेलं होतं. वरचे आणि खालचे एकमेकांपासून लांब गेल्यासारखे, सगळं पोकळ, उघडं. तिच्या शेजारची मुलगी तिच्याच आधाराने गात असावी, तीही अडखळली आणि थांबली. वरच्या मुलींचे सूर डगमगले. पंधरा जण समोर उभे असताना तिथे कोणी नाही असं वाटलं. माझ्या अंगावर काटा आला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गा गं बाई, गा.

वैशालीने नारळ काखेत मारला, सरांकडे पाहिलं आणि गायला लागली. तिचा आवाज मला तेव्हाही वेगळा ऐकू आला नाही. पण सगळं पुन्हा भरलं, शेजारची मुलगी सावरली, वरच्या मुली सावरल्या. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

बाहेर गायकवाड सर प्रभाकररावांना हात जोडून म्हणत होते, "साहेब, दहा मिनिटं थांबला असता ना!" आणि प्रभाकरराव त्यांना विचारत होते, "तुमचा पण करू का?" वैशाली शाल काढून माझ्याकडे आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"बाबा, वाट लागली सगळ्याची. नेमकं आजच. द्या तो अर्ज, सही करते."

"तू मध्ये थांबलीस," मी म्हणालो.

"काकांनी शाल घातली तर काय करू मी?"

"रागावत नाहीये. तू थांबलीस ते मला कळलं."

"कसं कळलं तुम्हाला?"

पोकळ झालं, एवढंच म्हणालो. अर्ज खिशातच ठेवला.

रविवारी सकाळच्या गाडीने परत निघालो. ती वेळेवर आली, हेही त्या प्रवासातलं एक आश्चर्यच. नांदगावला उतरून आधी सचिवांना फोन केला. "मुलगी येणार नाही." ते चिडले. "मी संस्थेत तुमच्यासाठी शब्द खर्च केला! तिथे कायम होतेय का ती?" नाही म्हणालो. "मग अडलंय काय?" "तिचं गाणं," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या लग्नकार्यात ते मला ओळख देणार नाहीत, हे गृहीत धरलं आहे.

घरी ही दारातच उभी होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिलं.

"तुम्ही तिला आणायला गेला होतात ना?"

"हो. तिथेच ठेवून आलो."

तिने तोंड फिरवलं आणि आत गेली. तिच्यामागे जाऊन मी सगळं सांगितलं. मिसळ, ढेकर, शाल, नारळ, आणि ती थांबल्यावर पोकळ झालेलं गाणं. ती हसली नाही. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "इतकं चांगलं गाते, तर आपल्या घरात कधी कसं कळलं नाही?"

मला आठवत होतं. वैशाली लहान असताना याच स्वयंपाकघरात, ओट्यापाशी बसून गुणगुणायची. आणि मी बाहेरून ओरडायचो, "बातम्या लागल्यात, आवाज बंद कर." ती लगेच बंद करायची.