धक्क्याखालची झाडं

डेल्बर्ट नॉफसिंगर आणि मी केंटकीतल्या हार्लो तलावाच्या उद्यानात सव्वीस वर्षं दुरुस्तीच्या कामावर होतो. तलावातला मासेमारीचा लाकडी धक्का आम्ही चौघांनी बांधला. खांब ठोकताना बर्फासारख्या पाण्यात छातीपर्यंत उभे होतो. कठड्याची उंची डेल्बर्टने स्वतः बाकावर बसून ठरवली. बसल्या माणसाला गळ टाकता आला पाहिजे, म्हणाला.

निवृत्त झाल्यावरही त्याने एक काम सोडलं नाही. नाताळ संपला की गावातले लोक घरात सजवलेली नाताळची झाडं उद्यानाच्या वाहनतळावर आणून टाकतात. डेल्बर्ट त्यांची चमकी एकेक तार करून काढतो, बुंध्याला भोक पाडतो, तारेने दोन सिमेंटचे ठोकळे बांधतो. एका ठोकळ्याने झाड तरंगतं, हे त्याने नवख्यांना शंभरदा सांगितलं असेल. मग सपाट होडीतून ती धक्क्याजवळ बुडवायची. फांद्यांत बारके मासे लपतात, त्यांच्या मागे खायचे मोठे क्रॅपी मासे येतात. झाडं कुजतात, म्हणून दरवर्षी नवी लागतात. पैसे कोणी देत नाही.

तीन वर्षांपूर्वी काठावरच्या भोजनगृहाचं लग्नाचं सभागृह झालं. आधी शनिवारी लग्नाच्या फोटोंसाठी धक्क्यावर दोरी लागली. मग शुक्रवारीही. गेल्या सप्टेंबरात फळीत रुतलेल्या गळात एका नवरीचा झगा फाटला आणि पाटी आली : धक्क्यावर मासेमारी बंद. कायमची.

तो गळ डेल्बर्टचा नव्हता. त्याने जन्मात फळीत गळ ठेवला नाही. त्याचं खुब्याचं हाड बदललंय. बाक आणि कठडा नसेल तर त्याचं मासे धरणं संपलंच.

आम्ही सभागृहाच्या व्यवस्थापक केंड्राबाईंकडे गेलो.

"अहो, मैलभर काठ मोकळा आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"तो मैलभर दगड मी रचलाय बाई. त्यावर बकरी उभी राहील, मी नाही."

"लोक वर्षभर आधी जागा धरतात, डेल्बर्ट. त्यांना फोटोत माशांच्या बादल्या नको असतात."

"मग तलाव कशाला हवा फोटोत? पडदा टांगा निळा."

त्या हसल्या. ते हसू मला अजून खुपतं.

जानेवारीत त्यांचाच फोन आला. वाहनतळावर झाडांचा ढीग पडलाय, शनिवारी गाड्या लावायला जागा हवी, तेवढी झाडं बुडवाल का?

"कुठे बुडवू?" डेल्बर्टने विचारलं.

"तुम्हाला बरं वाटेल तिथे."

त्याने मला आणि वेंडेल क्रिकला बोलावलं. वेंडेलही आमच्याच टोळीतला, धक्का बांधणाऱ्यांपैकी. एकसष्ट झाडं, एकशे बावीस ठोकळे, दोन दिवस. एकही झाड धक्क्याकडे गेलं नाही. सगळी पलीकडे, होड्या उतरवायच्या जुन्या उतारापाशी. तिथे वरच्या अंगाला सिमेंटची सपाट जागा आहे, खुर्ची मांडता येते.

"मासे इकडे वळायला दोन उन्हाळे जातील लेका," मी म्हटलं.

"जातील."

"सत्त्याहत्तरचा आहेस तू."

"मोजता येतं मला. तोंड आवर, ठोकळा दे."

एप्रिलपासून तो तिथे घडीच्या खुर्चीवर बसतो. कठडा नाही, सावली नाही. उठताना मी एक हात देतो, वेंडेल दुसरा, आणि तो दोघांनाही शिव्या घालतो. अजून एक मासा लागलेला नाही. धक्क्याखालची जुनी झाडं कुजून संपत नाहीत तोवर मासे तिकडेच राहणार.

मागच्या शनिवारी गुलाबी झग्यातल्या करवल्या धक्क्यावरून वाकून पाण्यात बघत होत्या.

"अगंबाई, केवढे मासे!" एक ओरडली. पाण्यावरून आवाज स्वच्छ आला.

डेल्बर्टने गळ वर ओढला, आमिष बदललं, पुन्हा टाकला.

"तिला सांग," तो मला म्हणाला, "बघून घे म्हणावं आत्ताच."