होडीसाठी प्रखर दिवा

बुधवार पेठेतल्या एका दिव्यांच्या दुकानात मी बरेचदा जातो. मालक साठीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते विचारतात, "बोला, काय बिघडवलंत?"

माझे मामा धरणाच्या पाण्यात रात्री मासे धरतात. त्यांच्या होडीसाठी एलईडी दिवा घ्यायला मी गेलो आणि म्हणालो, "तुमच्याकडचा सगळ्यात प्रखर द्या."

त्यांनी शटर निम्मं खाली ओढलं, काउंटरवर माझ्या तोंडासमोर दिवा ठेवला आणि बटण दाबलं. माझे डोळे दिपले.

"मी काय करतोय?" दिव्यामागून आवाज आला.

"काही दिसत नाही हो!"

"वाकुल्या दाखवतोय तुम्हाला. मघापासून."

दिवा बंद झाला तेव्हा चेहरा अगदी गंभीर. "होडीत हा असा डोळ्यांसमोर टांगलात, तर पुढचं पाणीसुद्धा असंच गायब होईल. मामा परत हवेत ना?"

मग त्यांनीच ठरवलं. प्रखर दिवा होडीच्या टोकाला, तोंड पुढे. मामा बसतात तिथे मंद दिवा, पायांपाशी. खोक्यावर पेनानं चित्रही काढून दिलं.

पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. पाण्यात बुडालेल्या बाभळीचा बुंधा त्यांना ऐन वेळी दिसला आणि होडी वाचली. मी पेढे घेऊन दुकान गाठलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पेढा सावकाश संपवला.

"दिसला ना बुंधा? मग तक्रार काय आहे?"