पान पडू द्या

हे गेल्यानंतर त्यांचे कपडे वाटले, बँकेची कामं उरकली, चष्मासुद्धा देऊन टाकला. लॅपटॉपमधलं एक फोल्डर मात्र मी उघडलं नव्हतं. जुनी इंदूर भागातल्या अंध मुलींच्या शाळेसाठी यांनी एक प्रोग्राम लिहिला होता, त्याचे सगळे कागद त्यात होते. शिक्षिकांनी टाइप केलेली प्रश्नपत्रिका तो ब्रेलच्या ठिपक्यांत बदलायचा आणि शाळेतल्या जुन्या छपाईच्या मशीनकडे पाठवायचा.

दिवाळीनंतर शाळेचा कॉम्प्युटर बंद पडला. नवा आला, पण त्यावर तो प्रोग्राम चालेना, आणि सहामाही परीक्षा तोंडावर. शाळेच्या मोठ्या बाई आमच्या सुदामा नगरच्या घरी आल्या. बरोबर दहावीतली एक मुलगी होती.

"ताई, तुम्हाला त्रास नको. यंदा पेपर वाचून दाखवू," बाई म्हणाल्या.

"वाचणाऱ्या भिया लोकांना घरी जायची घाई असते," मुलगी म्हणाली. "गणित दुसऱ्यांदा वाचा म्हटलं, की म्हणतात, अभी तो बताया था."

बाईंनी तिला गप्प केलं. मी म्हटलं, पेपर ब्रेलमध्येच निघतील.

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण कोड लिहीत नाही. इतरांचा कोड कसा वापरायचा, याची माहिती लिहिते. म्हणून मदतीला एआय एजंट घेतला. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो कोड लिहितो आणि स्वतःच चालवून बघतो. प्रोग्राम त्याच्या हवाली केला आणि दुपारपर्यंत तो नव्या कॉम्प्युटरवर चालू लागला. शाळेत पहिलं पान छान निघालं. दुसरं त्याच्यावर चढलं आणि तिसऱ्याला मशीन अडकलं.

एजंटला विचारलं, तर त्याने मशीनला थांबवायची एक आज्ञा सुचवली. या मशीनला अशी आज्ञा ठाऊकच नव्हती. मग दुसरी सुचवली, तितक्याच ठामपणे. भेटायला येणारी माणसं यांच्याबद्दल अशीच बोलत. गोड किती आवडायचं त्यांना, असं एकजण हळहळत म्हणाले होते. यांना गोड आवडतच नसे.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मी ते दाखवलं.

"अगं, तो आठवणीतून ठोकतोय," ती म्हणाली. "इस मशीन का मॅन्युअल उसने देखा ही नहीं. कंपनी बंद, वेबसाइट बंद. तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"मग तुझ्या लॅपटॉपवरच ठेव. शोधायचं एक छोटं टूल मी करून देते, तू त्याला सांग, आधी बघ, मग लिही. लोकांच्या मागे हेच घेऊन फिरतेस ना तू?"

"लोक वाचत नाहीत."

"हा वाचेल. याला कंटाळा येत नाही."

मॅन्युअल त्याच फोल्डरमध्ये होतं. रविवारी सकाळी ते उघडलं. मॅन्युअलच्या पानांचे नुसते फोटो होते. त्यांत शब्द शोधता येईनात. ती पानं मी टाइप करत गेले, रोज ऑफिसला जाण्याआधी. शेवटी यांच्या स्वतःच्या नोंदी होत्या, प्रोग्रामच्या एकेका भागावर. "पान पडू द्या. मशीन बूढ़ी है, घाई केली तर रुसते. ती 'तयार' म्हणेपर्यंत पुढचं पाठवू नका." बोलायचेही असेच. मी उठून गॅसजवळ उभी राहिले. चहा उतू गेला.

मैत्रिणीने टूल करून दिलं. पण एजंट इंग्रजी शब्दांनी शोधायचा, आणि रुसलेली बूढ़ी मशीन त्याच्या हाती लागेना. माझा हात सवयीने त्या वाक्याकडे गेला. असली वाक्यं कापून सरळ करण्याचाच मला पगार मिळतो. मी ते कापलं नाही. प्रत्येक नोंदीच्या वर फक्त एक ओळ घातली: ही कशाबद्दल आहे, प्रोग्रामच्या कोणत्या भागासाठी, इंग्रजीत आणि मराठीत. खाली यांचं जसंच्या तसं. सगळ्या नोंदी होईपर्यंत मी दुसरं काही हाती घेतलं नाही.

मग एजंटला पुन्हा विचारलं. या वेळी त्याने आधी शोधलं. उत्तर आलं: "नोंदीनुसार प्रत्येक पानानंतर मशीनच्या इशाऱ्याची वाट पाहायला हवी. प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरसाठी बदलताना हा थांबा मीच अनावश्यक समजून काढला होता, तो परत घालतो."

शाळेत गणिताचा पेपर लावला. पहिलं पान पडलं आणि मशीन गप्प झालं.

"अडकलं का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही. थांबा."

दुसरं पडलं. मग तिसरं. पूर्ण पेपर निघाला, त्याच्या प्रती निघत राहिल्या. तो पेपर त्या मुलीच्याच परीक्षेचा होता, म्हणून तिला खालच्या वर्गाचा तपासायला दिला. ती बोटं फिरवत राहिली आणि एका पानावर थांबली.

"इथले ठिपके दबलेत."

यांच्या नोंदींत याबद्दल काही नव्हतं, मॅन्युअलमध्येही नाही. मशीनला हात लावून पाहिला, ते तापलं होतं. आम्ही ते बंद करून बसलो. ते निवल्यावर तेच पान पुन्हा काढलं. तिने त्यावर बोट ओढलं.

"आता लागतंय."

बाकीच्या प्रती निघत असताना मी तिथेच लॅपटॉप उघडला, यांच्या शेवटच्या नोंदीखाली नवी ओळ सुरू केली आणि लिहिलं: खूप पानं लागोपाठ काढू नका, मशीन तापली की ठिपके दबतात.