सरूबाईचा अंगठा

सरूबाईचं घर तिच्याच हातचं. जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ती नवी सून होती. आंबेगावच्या पश्चिम डोंगरात, भातखाचरांच्या वर, नवऱ्यासोबत माती तुडवून तिनं हे उभं केलं. पुढं नवरा गेला, साठी उलटली, पण बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही. वाटेत बिबट्या आडवा आला तरी त्याला शिवी हासडून पुढं जायची.

पण मंगळवारी सकाळी दारात पोलिसांची खाकी उभी राहिली आणि ती भ्यायली.

दोन शिपाई, एक साहेब. तिचा थोरला कुंडलिक आठवड्यापूर्वी वनजमिनीच्या दाव्यासाठी कचेरीपुढं धरणं धरून बसला होता. तिथं ढकलाढकली झाली, याचं नाव गुन्ह्यात चढलं, आणि तेव्हापासून तो घरी नव्हता.

सरूबाईला काय करावं सुचेना, तेव्हा हातांनी रोजचं केलं. दारी आलेल्याला देतात तसा पाण्याचा तांब्या पुढं केला. साहेब पाणी प्यायले आणि बुटासकट थेट चुलीपर्यंत गेले.

"सायेब, कागुद हाय का झडतीचा?"

"तुला वाचता येतं का म्हातारे?" शिपाई खिदळला.

मडकी उपडी झाली. बियाण्याचं भात सारवणावर सांडलं, त्यावर बूट फिरले. माळ्यावरून दोन कोयते निघाले.

"साहेब, हत्यारं!"

"आवो, भाताच्या राबाला जाळाया टहाळं तोडतो त्येनं. समद्या वाडीत हायेत. समद्यांना नेता का?"

"लई बोलू नको. तुलाबी नेऊ."

साहेबांनी पंचनामा लिहिला, शिपायानं शाईची डबी उघडली. "ठेव अंगठा."

"आदी वाचून दावा." ऐकल्याबिगर अंगठा द्यायचा न्हाई, हे कुंडलिकनं तिच्या डोक्यात भरवलं होतं.

साहेब कंटाळून वाचू लागले, "घरमालकिणीने पाणी देऊन स्वखुशीने आत घेतले. झडतीस हरकत घेतली नाही. घातक हत्यारे मिळून आली."

सरूबाईनं हात मागं घेतला. म्हणजे पोराच्या गळ्यात हत्यारांचा गुन्हा, तोही आईच्या अंगठ्यानं!

"पाणी दिलं सायेब. आत या म्हणलं न्हाई."

"एकच की ते."

"एक कसं? वाटसरूलाबी देतो आमी पाणी. त्यो काय चुलीपातूर येतो व्हय?"

शिपायानं मनगट धरलं. तिनं अंगठा आत घालून मूठ आवळली. तो एकेक बोट उकलायला लागला, पण बोटं जागची हलेनात. तोवर दारात चार-पाच बाया गोळा झाल्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"सोड तिला. लिही, अंगठा देण्यास नकार." कोयते उचलून ते निघाले. "उद्या परत येतो, म्हातारे."

जीप उतरणीला लागली तशी शेजारची चिमाबाई आत धावली.

"सरू, गेलं गं मुडदे. सोड आता मूठ."

"सुटंना गं."

चिमाबाईनं वाटीत तेल कोमट केलं आणि बोटं चोळायला घेतली.

"चिमे, उद्या खरंच आलं तर?"

"येऊ दे. आमी समद्या उंबऱ्यावर बसू."

"आन तू भ्यायलीस तर?"

"भ्यायलेच हाय की! बघ ना, निम्मं तेल खाली सांडलं मेलं."