शिडी मी धरली होती

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातला धाकटा हसत म्हणाला, "आबा, आता शिडीवर चढू नका बरं!" आबांनी मान खाली घातली आणि फोन माझ्याकडे दिला. ते रागावले असं तुम्हाला वाटलं असेल. ते शरमले होते. म्हणून हे आता लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा. शहापूरच्या आपल्या घरावरचा पंचशील ध्वज उन्हाने विटला होता. नवा लावायला आबा सकाळी बांबूच्या शिडीवर चढले. खाली शिडी मी धरली होती. स्वयंपाकघरात खिरीचं दूध गॅसवर होतं. ते वर आल्याचा वास आला. माझ्या हातून दूध कधी उतू गेलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान होता. "हलू नका, आलेच," म्हणून मी शिडी सोडली. गॅस बंद केला तोच बाहेर शिडी आपटल्याचा आवाज आला. आबा फरशीवर पडले होते.

त्यांना लगेच नागपूरला नेलं, तिथे डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, तुमच्या बाबांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगितलं: मी आत होते, ते न सांगता चढले. आबांना त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. त्यांनीही माझंच खरं मानलं.

आता ते डावा पाय ओढत चालतात. कुकरची शिट्टी झाली की ते कानांवर हात ठेवून ओरडतात. वास कसलाच येत नाही. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा हाच माणूस कामावरून आला की दारातूनच सांगायचा, भात नव्या तांदळाचा आहे की जुन्या. गेल्या हिवाळ्यात दूध जळून भांडं काळं झालं, आणि ते शेजारीच खुर्चीवर बसून होते. सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारतात. शेजारीण अजून म्हणते, "काहून चढले जी भाऊजी, या वयात? बाईले सांगून तरी चढाचं!"

"चुकलंच माझं," आबा म्हणतात.

रोज सकाळी आम्ही दोघं पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. चार वर्षं तिथे मी नुसते ओठ हलवले.

तुमच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वंदना झाल्यावर मी त्यांना सांगितलं. शिडी मी धरली होती, मीच सोडली, दुधासाठी. ऐकून त्यांनी विचारलं,

"अन् दूध? वाचलं का मंग?"

"वाचलं."

"मंग कायले रडून राहिली?"

दुपारी शेजारीण आली. तिचं तेच, आणि आबांचंही तेच, "चुकलंच माझं." सकाळचं ते विसरले होते. मी तिला खरं काय ते सांगितलं. ती चहा न घेताच उठली.

तेव्हापासून रोज सांगते. आज शुक्रवार, पाचव्यांदा सांगितलं. त्यांना ते दरवेळी नवीन असतं. बुधवारी चिडले, चहाचा कप ढकलून दिला. बाबांना मी फोनवर सांगेन. तुम्ही मात्र आबांना शिडीवरून पुन्हा चिडवू नका.

ते यापुढे सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण जेवायला बसले की माझं ताट वाढलं का, ते आधी बघतात. वाढलं नसेल तर थांबतात. बुधवारीही थांबले. एवढं राहिलं आहे.