पाहुणे हरभऱ्याचं बोलत होते

आमच्या ओसरीवर कोणी काही बोललं की ते आधी दुरुस्त होतं, मग त्याला उत्तर मिळतं. माझे मालक बारावीपर्यंत शिकलेले. बियाण्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर गावात तेच वाचून देतात, म्हणून माणसं येत राहतात. कपाशीवर गुलाबी अळी पडली त्या वर्षी शेजारचे काका धापा टाकत आले.

"अरे, बीटीले अळी लागली!"

"काका, बीटीले नाही लागत अळी. बीटी म्हणजे त्या बियातला गुण. अळी लागते बोंडाले."

"बरं बाप्पा, बोंडाले लागली. आता काय करू?"

"आता कसं बरोबर बोलले," असं म्हणून मालक हात धुवायला गेले. काका तसेच उभे. मी दारातून चहा पुढे केला, तेव्हा त्यांना बसायचं सुचलं.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्याकडे. माणसं जमली की माझं तोंड आपोआप बंद होतं. त्यामुळे माझं बोलणं दुरुस्त करायची वेळ मालकांवर कमीच येते.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर माझी नणंद एक पिशवी घेऊन माहेरी आली. तिचं सासर देऊळघाटाकडे. भांडण पऱ्हाटीवरून झालं होतं. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. अर्धी बोंडं अळीनं आतून खाल्लेली, कापूस फुटत नव्हता, जो फुटला तो पिवळा आणि बोंडाला चिकटलेला. नणंद म्हणाली, आता उपटून टाका, विहिरीला पाणी आहे तोवर दुसरं काही पेरू. जावई म्हणाले, थांब, अजून एक वेचणी निघते. बोलता बोलता वेचणीच्या सगळ्या बायांसमोर ते बोलून गेले, "तुले काय समजते बे शेतीतलं?" नणंदेनं कमरेला बांधलेलं वेचणीचं फडकं सोडलं, आतल्या कापसासकट बांधावर, धुऱ्यावर ठेवलं आणि सरळ एसटीच्या थांब्यावर गेली.

आमच्याकडे आल्यावर तिनं अट घातली. "त्यानं यावं अन् तोंडानं म्हणावं, चुकलो, चाल. त्याशिवाय मी हा उंबरठा ओलांडत नाही."

मालकांना ही अट फार पटली. "बरोबर आहे. जे म्हणायचं ते शब्दात आलं पाह्यजे."

जावयांचा काही निरोप आला नाही. मग मालकांनी रविवारी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक ठरवली. आमच्याकडून जानेफळचे मामा येणार, तिकडून जावयांचे चुलते येणार. सासूबाईंचं तोंड तेव्हापासून उतरलं. अशीच एक बैठक त्यांच्या धाकट्या बहिणीच्या संसारावर बसली होती. विषय होता पाण्याच्या हंड्याचा. पण बसलेल्यांनी लग्नातल्या मानपानापासून सगळं उकरलं. हंड्याचं मिटलं, पण नवरा-बायको अजूनही दोन गावांत राहतात. "चार माणसात बोललेलं कोणाले गिळता येत नाही," एवढंच त्या मला चुलीजवळ म्हणाल्या.

बैठकीच्या आधी, शुक्रवारी दुपारी, जावई स्वतःच आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी एक घर सोडून लावलेली. नणंद स्वयंपाकघरात माझ्याजवळ लसूण सोलत होती. ती उठली नाही, पण सोलायची थांबली.

जावई खाटेवर बसले. पाणी प्याले. भिंतीकडे पाहून म्हणाले, "यंदा थंडी लवकरच पडली."

मालक म्हणाले, "लवकर नाही, पाहुणे. दरसाल याच टायमाले पडते. तुम्हाले वाटून राह्यली."

"हाव, वाटूनच राह्यली," जावई म्हणाले.

नणंद माझ्या कानाशी पुटपुटली, "थंडीसाठी आला का हा इतक्या दूर?"

मी चहा घेऊन गेले. डोक्यावर पदर घेतलेला, नजर कपबशीवर. जावयांनी कप घेतला आणि मालकांना म्हणाले, "पऱ्हाटी उपटून टाकली."

मालक ताठ बसले. "उपटली? घाई केली तुम्ही. अजून एक वेचणी निघाली असती. अन् उपटली तर उपटली, पऱ्हाट्या धुऱ्यावर तं नाही ना ठेवल्या? त्यातली अळी पुढच्या सालापर्यंत जगते."

"जाळल्या," जावई म्हणाले. "सगळ्याच्या सगळ्या. दोन्ही वावरातल्या."

मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता हरभरा टाकावा म्हणतो. पण कोणता टाकावा, किती टाकावा... घरी इचारावं तं कोणी नाही."

मी आत जाता जाता दाराशी थांबले. मालकांना मात्र मोठा विषय सापडला. कोणता हरभरा लवकर येतो, कोणत्याला मर लागते, ओल किती पाहिजे, सगळं त्यांनी सांगायला घेतलं. जावई मान हलवत होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

मी आत आले. नणंद म्हणाली, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "तुमचंच खरं होतं म्हणतात."

"असं म्हणाला?"

"हाव. अन् तुमच्याबिगर घरात काही सुचत नाही म्हणतात."

नणंदेच्या हातातला लसूण खाली पडला. तिनं तो उचलला, फुंकला आणि पुन्हा खाली ठेवला. चेहरा असा झाला की आता रडते की हसते ते कळेना. तेवढ्यात मालक हरभऱ्याची जुनी पिशवी शोधायला आत आले. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं.

"कोण म्हणालं असं?"

"तुमचे जवाई," नणंद म्हणाली.

"छे! तो असा एक शब्दही बोलला नाही. तो हरभऱ्याचं बोलून राह्यला. वयनी तुले काहीच्या बाही सांगते."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मला घरात लपायला जागा राहिली नाही. मी चुलीत लाकूड सरकवलं, तिथे आधीच पुरेसं होतं.

"म्हणजे वयनी, तू मनानंच सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. "पऱ्हाटी उपटून जाळली म्हणाले. दोन्ही वावरातली."

"हे म्हणाला," मालक म्हणाले. "पण त्याचा अर्थ पऱ्हाटी उपटून जाळली, एवढाच होतो."

बाहेर जावयांनी हाक दिली, "दादा, निघतो मी. पाचची गाडी हाये."

मालक म्हणाले, "पाचची नाही, सव्वापाचची."

नणंद उठून दारात गेली. जावई दुपट्टा गळ्यात टाकून उभेच होते. दोघं एकमेकांना सोडून बाकी सगळ्याकडे पाहत होते. मालक मध्ये उभे राहिले, शाळेतल्या तपासणीला आल्यासारखे.

"पाहुणे, एक साफ सांगा. तुम्ही हिचं खरं होतं असं म्हणाले का? म्हणाले का नाही?"

जावयांच्या कपाळावर घाम आला. थंडी लवकर पडलेली असूनही. ते म्हणाले, "मी तं... हरभऱ्याचं बोललो."

"पाह्य!" मालक नणंदेकडे वळले.

"पण मंग," जावई दुपट्ट्याचं टोक पिळत म्हणाले, "वयनीनं जे सांगितलं ते... तेही त्यातच होतं."

"त्यातच कसं? हरभऱ्यात?"

सासूबाई आतापर्यंत कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप आपटलं. "तू चूप बस बे! दोघायच्या मंधात काऊन उभा राह्यला? सरक."

मालक सरकले. असं त्यांना कोणी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

नणंद जावयांना म्हणाली, "अन् हरभरा पेरणार कशावर? जमीन वाळली असंल. आधी पाणी द्या लागते, मंग माती पेरण्याजोगी सुकू द्या लागते, वाफसा पाहा लागते."

"पाणी दिलं."

"वाफसा कोणं पाह्यला?"

"कोणी नाही पाह्यला. तेच तं म्हणतो."

"मागच्या वर्षीसारखा खोल टाकसान. निम्मा उगवलाच नव्हता."

"हाव, टाकीन खोल," जावई लगेच म्हणाले. इतक्या आनंदानं कोणी आपली चूक कबूल केलेली मी पाहिली नाही, आणि ती चूक अजून व्हायची होती.

नणंद आत आली. तिनं लसणाचं ताट माझ्याकडे सरकवलं, तोंड धुतलं, केस बांधले. "मी काही नांदायले जाऊन नाही राह्यली," ती भिंतीकडे पाहून म्हणाली. "वाफसा पाह्यला की वापस."

मालकांनी तोंड उघडलं. मी घाईनं त्यांच्या हातात नणंदेची पिशवी दिली. पिशवी जड होती, म्हणून त्यांना बोलता आलं नाही. तिनं तिचे सगळे कपडे त्यात भरले होते. वाफसा पाहायला हिवाळ्याचं स्वेटर आणि आरसा कशाला, हे विचारण्याचं काम माझं नव्हतं.

सासूबाईंनी तिची ओटी भरली. दोघं निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत नणंद पुढे, जावई मागे, आणि वळणावर आम्ही ऐकलं, ती म्हणत होती, "गुंडी पाहा आधी. लोक काय म्हणतील?" मग दोघं बराच वेळ तिथेच थांबले, कारण गुंड्या सगळ्याच सोडून पुन्हा लावाव्या लागल्या. गाडी चुकते की काय म्हणून सासूबाई जीव मुठीत धरून उभ्या होत्या. गाडी नाही चुकली.

या सगळ्यात बैठक मोडायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. रविवारी सकाळी जानेफळचे मामा आले, पाठोपाठ तिकडचे चुलते आले. धोतरं धुतलेली, चेहरे गंभीर. काय काय बोलायचं ते सगळे रस्त्यात ठरवूनच आले असावेत. भांडण मिटलं म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. पण आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं? मी भाकरी थापायला बसले. त्यांनी जेवता जेवता गुलाबी अळीवरच बैठक घेतली, आणि तिच्यावर एकमत काही झालं नाही.

जेवण अर्ध्यावर आल्यावर मामांनी विचारलं, "पण मिटलं कसं? बोललं कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "मले काय इचारता, सुनेले इचारा."

सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं. माझ्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची होती, ती परातीतच पडली.

"बोल वो सूनबाई," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "हरभरा टाकायचा होता."

मामांनी घास चावत थोडा विचार केला. मग मान हलवली. "बरोबर हाये. उशीर झाला असता तं कठीण होतं," ते म्हणाले, आणि वाटी पुढे करून वरण मागितलं.

मालक काही सांगायला पुढे वाकले. सासूबाईंनी त्यांच्या ताटात न विचारता गरम भाकरी वाढली.